छतातील एक इंच मोकळी जागा

'मला ठाऊक नव्हते' हे शब्द आम्ही धर्मगुरू या नात्याने जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा क्वचितच दुसरे कोणते ऐकले असतील. ते कधी शाळेच्या कार्यालयात ऐकू येतात, कधी लग्नापूर्वीच्या चौकशीत, तर कधी रुग्णाच्या खाटेपाशी. पुष्कळदा ते खरे असतात आणि पुष्कळदा अर्धेच खरे असतात. आमच्या सेमिनरीच्या काळात नीतिशास्त्राच्या तासाला या शब्दांवर एक संपूर्ण प्रकरण शिकविले जाई. अज्ञानाने पापाचा दोष किती हलका होतो, यावर परीक्षेत हमखास प्रश्न येई, आणि त्यात आम्हांस बरे गुण मिळाले होते. ते प्रकरण आम्हांला खरोखर समजले होते काय, हा प्रश्न मात्र बऱ्याच वर्षांनी पडला; आणि तो पाडला एका पाणी तापविण्याच्या टाकीने. वाचकांनी हसू नये. ही हकिगत सांगण्याजोगी आहे.

सन २०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही सहा महिन्यांसाठी अमेरिकेतील एका लहान गावी बदली धर्मगुरू म्हणून गेलो. तेथील धर्मगुरू आजारपणाच्या रजेवर होते. गाव उत्तरेकडचे, सभोवार मक्याची शेते, आणि नोव्हेंबर लागताच बर्फ. धर्मगुरुनिवास लाकडी होता. आपल्याकडे लाकडी घर म्हटले की जुन्या घरांतील जाडजूड तुळया डोळ्यांसमोर येतात. तिकडच्या घरांत भिंती, जमीन, छत असे सारेच बारीक लाकडी चौकटींवर उभे असते आणि वरून जिप्समच्या पातळ तक्त्यांनी मढविलेले असते. स्वयंपाकघरालगत एक कपाटवजा अरुंद खोली होती. तीत पाणी तापविण्याची उंच टाकी होती, चाळीस गॅलनांची, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दीडशे लिटरांची. तळाशी गॅसची ज्योत, टाकीच्या पोटातून वर जाणारी पोकळ नळी, आणि माथ्यावर एक उघडी टोपी. त्या टोपीपासून चार इंच व्यासाची पत्र्याची धूरनळी निघे व छतातून, पोटमाळ्यातून आणि छपरातून थेट आकाशात जाई.

ती पाहताच आम्हांस आमच्या बालपणीचा तांब्याचा बंब आठवला. रचना तीच: खाली निखारे, मध्ये नळकांडे, भोवती पाणी. फरक इतकाच की आमचा बंब मागील दारी, पडवीच्या कडेला उभा असे. त्याच्या धुराला सारे अंगण मोकळे होते. तो धूर डोळ्यांना झोंबे आणि आई ओरडे, "अरे, बाजूला सर!" झोंबणारा धूर हा एका परीने प्रामाणिक धूर होय. आपण कोठे आहोत हे तो लपवीत नाही.

धर्मगुरुनिवासातील ती धूरनळी जेथे छतात शिरत होती, तेथे तिच्याभोवती बोट-दीड बोट रुंदीची फट होती. पूर्वी तिथे बसविलेली पत्र्याची चकती सैल होऊन नळीवरून खाली घसरली होती आणि टाकीच्या माथ्यावर टेकून राहिली होती. वर पाहिले तर काळोख, आणि मधूनमधून त्या काळोखातून करड्या रंगाचा भुसा खाली पडे. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून तिकडे पोटमाळ्यावर वर्तमानपत्रांच्या कागदाचा भुसा करून, हातभर जाड पसरतात. त्याचाच तो चुरा. फट लहान, पण तिची करामत मोठी. घरातील उबदार हवा हलकी होऊन वर चढते, मिळेल त्या भोकातून माळ्यावर पळते, आणि तिच्या जागी खालून, दारांच्या फटींतून थंड हवा आत येते. माळ्यावर गेलेल्या दमट हवेचे छपराच्या थंड फळ्यांवर दवबिंदू साचतात, गोठतात, आणि ऊन पडताच ठिबकू लागतात. धर्मग्रामाच्या अर्थसमितीने आमच्यासमोर गॅसचे बिल ठेवले तेव्हा आम्हांला वाटले की ही फट बुजविणे आपले कर्तव्य आहे. पाहुण्याने यजमानाचे घर राखावे, एवढाच आमचा विचार.

गावच्या दुकानात फोमचा डबा मिळाला. नळीचे तोंड फटीत घालून कळ दाबली की पिवळट फेस बाहेर येतो, फुगतो, आणि तासाभरात टणक होतो. आम्ही खुर्चीवर चढून ते काम स्वहस्ते केले. फेस धूरनळीला घट्ट चिकटून बसला, भुसा पडावयाचा थांबला. खरे सांगावयाचे तर आम्हांस स्वतःचा अभिमान वाटला. धर्मगुरूंना हाताने काही करता येत नाही, असा लोकांचा समज असतो ना.

दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर एक वृद्ध गृहस्थ कॉफीला आले. जन्मभर नळजोडणीचा धंदा करून सत्तरी उलटल्यावर निवृत्त झालेले. आम्ही कौतुकाने त्यांना आमचे काम दाखविले. ते बराच वेळ वर पाहत राहिले. मग म्हणाले, "फादर, आज गरम पाणी वापरू नका. मी घरून हत्यारे घेऊन येतो."

त्यांनी प्रथम गॅस बंद केला, नळी निवू दिली आणि सुरीने तो सारा फेस खरवडून काढला. खरवडता खरवडता ते जे बोलले, ते आम्ही नंतर वहीत टिपून ठेवले. ती नळी दुहेरी पत्र्याची होती. आतला पत्रा व बाहेरचा पत्रा यांत हवेचा पदर असतो. तरीही तिच्या बाहेरच्या अंगापासून लाकूड वा कोणताही जळण्याजोगा पदार्थ चहूबाजूंनी निदान एक इंच दूर हवा, असा नियम आहे. नळी एकेरी पत्र्याची असेल तर सहा इंच. आणि तशी नळी छतातून माळ्यावर नेण्यासच मनाई. लाकूड एका दिवसात पेटत नाही. परंतु वर्षानुवर्षे माफक उष्णतेत भाजत राहिलेले लाकूड आतून बदलते आणि पूर्वीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेऊ शकते. आम्ही भरलेला फेस तर स्वतःच जळणारा. "तुम्ही ज्याला भोक म्हणता," ते म्हणाले, "ती जागा बांधणाऱ्याने जाणूनबुजून ठेवलेली आहे. ती बंद करायची असते, पण भरायची नसते."

हा भेद त्यांनी करूनही दाखविला. पत्र्याचे दोन तुकडे अर्धचंद्राकृती कापले, ते नळीला दोन बाजूंनी भिडवून छताला स्क्रूंनी बसविले, आणि पत्रा व नळी यांमधील केसाएवढी रेघ उष्णता सोसणाऱ्या तांबड्या सिलिकॉनने लिंपली. मग माळ्यावर चढून नळीभोवती पत्र्याचे एक रुंद कडे उभे केले, जेणेकरून कागदाचा भुसा सरकत नळीपाशी येऊ नये. म्हणजे हवेची वाट बंद झाली, लाकूड व नळी यांतील अंतर मात्र जसेच्या तसे राहिले.

आम्हांला वाटले, झाले. पण गृहस्थ उतरून आले ते मेणबत्ती मागू लागले. गॅस पुन्हा सुरू करून त्यांनी ज्योत पेटविली, घराची दारे-खिडक्या लावून घेतल्या, स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखा चालू केला आणि काही मिनिटे थांबले. नंतर मेणबत्ती पेटवून विझविली व तिची धुराची रेघ टाकीच्या माथ्यावरील उघड्या टोपीपाशी धरली. धूर आत ओढला गेला. "आता झाले," ते म्हणाले. घराची एकेक फट बंद करीत गेले की पंख्याला हवा मिळेनाशी होते. मग तो ती धूरनळीतूनच उलटी ओढतो, आणि जे आकाशात जावयाचे ते घरात येते. ज्योतीला आत येणारी हवा हवी आणि बाहेर जाणारी वाट हवी; दोहोंपैकी एकही अडली तर ती माणसाच्या श्वासातला वाटा घेते. हे शेवटचे वाक्य त्या गृहस्थांचे. पुढे काय होणार याची त्या दिवशी आम्हांस कल्पना नव्हती.

आम्ही ओशाळून म्हणालो, "मला हे ठाऊक नव्हते." त्यांनी कचऱ्याच्या टोपलीतून फोमचा रिकामा डबा उचलून आमच्या हाती दिला. पाठीमागे बारीक अक्षरांत छापले होते की हा पदार्थ वाळल्यावरही जळू शकतो आणि सुमारे ११५ अंश सेल्सियसपुढची उष्णता त्याला लागू देऊ नये. आम्ही डब्याची पुढची बाजू वाचली होती.

त्या रात्री आम्हांला सेमिनरीतील ते प्रकरण आठवले. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. ते एक उदाहरण देतात: माणसाने योग्य ती खबरदारी घेतली, रस्त्यावर कोणी नाही असे पाहिले, मग बाण सोडला, आणि तरीही एक वाटसरू त्याने मेला. येथे दोष नाही; कारण जे जाणणे शक्य होते ते त्याने जाणून घेतले होते. परंतु जे जाणून घेणे त्याला बंधनकारक होते आणि शक्यही होते, ते त्याने आळसाने जाणून घेतले नाही, तर ते अज्ञान त्याला वाचवीत नाही, उलट ते अज्ञानच त्याचा दोष ठरते. याहून वाईट तिसरा प्रकार: कळले तर करता येणार नाही म्हणून मुद्दामच कळून न घेणे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हाच धागा आहे: सत्य शोधण्याची ज्याला फिकीर नाही, त्याच्या अज्ञानाची जबाबदारी त्याच्याकडेच जाते.

नीतिशास्त्राच्या अध्यापकांचे आश्रयदाते संत आल्फोन्सस लिगोरी हे मुळात नेपल्सचे वकील. १७२३ साली एका मोठ्या खटल्यात त्यांच्या हातून एका कागदाकडे दुर्लक्ष झाले. कागद समोर होता, पण त्याचा अर्थ निसटला. खटला ते हरले आणि वकिली सोडून धर्मगुरू झाले. पुढे जन्मभर पापभीरू माणसांच्या शंका सोडविणाऱ्या या संताची सुरुवात न वाचलेल्या अक्षरांपासून व्हावी, याचे आम्हांला त्या रात्री काहीसे समाधान वाटले. डबा आमच्या मेजावरच होता.

आणि अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातील ते लहानसे कलम! नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. कोणी वरून पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर यावयाचा, असा त्याचा आशय. पॅलेस्टाईनच्या सपाट छतांवर माणसे झोपत, धान्य वाळवीत, पाहुणे बसवीत. त्या कलमाच्या आधी पक्ष्याच्या घरट्याविषयीची आज्ञा आहे आणि नंतर द्राक्षमळ्यात काय पेरावे याविषयीची. सेमिनरीत आम्ही असली कलमे घाईने ओलांडीत असू. परमेश्वराने सीनायच्या पर्वतावरून उतरून कठड्यापर्यंत यावे, हे त्या वयात थोडे गमतीचे वाटे.

येथवर ही हकिगत एखाद्या प्रवचनात सांगण्यासारखी आहे, आणि परतल्यावर आम्ही ती सांगितलीही. लोक हसले. हे येथेच संपते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

सन २०२२ च्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने जुने घर पाडून त्याच जागी दुमजली घर बांधले व आशीर्वादासाठी आम्हांला बोलाविले. आम्ही पवित्र पाणी शिंपडीत खोलीखोलीतून फिरलो. आपल्याकडे रीत अशी की घरधनी पुढे असतो आणि प्रत्येक दार उघडून दाखवितो. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे दार त्याने हौसेने उघडले. नव्या फरशा, आणि भिंतीवर गॅसचा गीझर. सिलिंडर बाहेर, नळी आत. गीझरला धूरनळी नव्हती. आपल्याकडच्या बहुतेकांना ती नसतेच. छताखाली काचेच्या झडपांचा झरोका होता, पण शेजारी नवी इमारत उठली होती आणि तिच्या जिन्यावरून नेमके आत दिसे. घरात तरुण मुलगी. म्हणून घरधन्याने झरोक्यावर आतून प्लायवूडची फळी चार खिळ्यांनी ठोकली होती. हे त्यानेच आम्हांला सांगितले, थोडे लाजत.

आम्ही वर पाहिले. फळी पाहिली, गीझर पाहिला. त्या अमेरिकन गृहस्थाची मेणबत्ती आमच्या मनात आली, हे आम्ही येथे कबूल करतो. ती आली आणि गेली. खाली पाने मांडली होती, मंडळी खोळंबली होती, म्हातारी आजी जिन्याच्या पायथ्याशी हात जोडून उभी होती. आनंदाच्या दिवशी अपशकुनी बोलू नये, गीझरची गोष्ट धर्मगुरूने काढू नये, ज्याने बसविला त्याला अक्कल असेलच. असे सारे विचार एका क्षणात येऊन गेले. आम्ही पाणी शिंपडले आणि पुढच्या खोलीत गेलो.

जानेवारी २०२३ मधील एका थंड सकाळी त्या घरात एकामागून एक तिघांनी स्नान केले. तिसरा बारावीतला मुलगा. बराच वेळ झाला, पाणी वाहत होते, हाकेला उत्तर नव्हते. चुलत्याने दार फोडले.

कार्बन मोनॉक्साईड या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा एक भाग नीट जळावयास सुमारे पंचवीस ते तीस भाग हवा लागते. बंद खोलीत ती हां हां म्हणता सरते, ज्योत अर्धवट जळू लागते आणि हा वायू निर्माण होतो. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून नेला जातो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणूस गुदमरतो, पण गुदमरल्याचे त्याला कळत नाही. डोके जड होते, पाय लटके पडतात, आणि दाराची कडी काढण्याचे बळ उरत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर अशा बातम्या येतात. त्या वाचून आपण पान उलटतो.

मुलगा वाचला. रुग्णालयात त्याला तातडीने प्राणवायू दिला गेला आणि दोन दिवसांनी तो बोलू लागला. परंतु तीन आठवड्यांनंतर त्याच्या हातांना कंप सुटला, पाठ केलेले आठवेना. या विषाचा असा मागाहून येणारा परिणाम डॉक्टरांना परिचित आहे. परीक्षेचे ते वर्ष गेले. आज तो पुष्कळ सुधारला आहे. पण बोलताना मध्येच एखादा शब्द शोधीत थांबतो, आणि त्या वेळी त्याचा बाप दुसरीकडे पाहतो.

त्या बापाने आम्हांला विचारले, "फादर, फळी मी ठोकली. माझं पाप झालं का?" हा प्रश्न पापनिवेदनाच्या आसनापाशी विचारलेला नाही, तसे असते तर तो येथे छापला गेला नसता. त्याने तो आपल्या ओट्यावर, मुलाच्या आईसमक्ष विचारला, आणि हा लेख छापण्यापूर्वी आम्ही त्याला वाचून दाखविला आहे.

आम्ही म्हणालो, "नाही. तुम्हांला ठाऊक नव्हते."

उत्तर शास्त्राला धरून होते. गीझर विकणाऱ्याने त्याला काही सांगितले नव्हते, बसविणाऱ्याने फळी पाहूनही काही म्हटले नव्हते, वाडीतील दहा घरांत तसेच गीझर होते. मुलीची लाज राखणे हा हेतू चांगला. त्याच्या जागी आमच्यातील कोणीही तेच केले असते. तरी तो समाधानी झाला नाही, आणि आम्हांला दिसत होते की तो समाधानी होणार नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी कर्म आणि दैव यांविषयी एक चर्चा उपस्थित केली. विल्यम्स यांचे उदाहरण ट्रकचालकाचे आहे: त्याची काही चूक नसता एक मूल चाकाखाली येते. रस्त्याकडेला उभे असलेले सारेच हळहळतात. परंतु चालकाचे हळहळणे वेगळे असते आणि ते वेगळे असावे असे आपल्यालाही वाटते. 'माझी चूक नव्हती' असे म्हणून जो लगेच निवांत होतो, त्याच्याविषयी आपल्याला शंका येते. आम्ही त्या बापाला दोषमुक्त करू पाहत होतो, आणि त्याला दोषमुक्ती नको होती. ज्या हाताने खिळा ठोकला तो आपला हात आहे, हे त्याला कोणीतरी नाकारू नये, एवढेच हवे होते. सांत्वनाच्या घाईत आम्ही धर्मगुरू कित्येकदा हेच नाकारतो. 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होतो, जणू फळी देवाने ठोकली.

याच प्रकारच्या मृत्यूचे एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्सचे कादंबरीकार एमिल झोला यांचे. त्यांची पुस्तके आपल्या ख्रिस्तसभेने एके काळी निषिद्ध ठरविली होती, ते असो. २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी, शेगडीचे धुराडे तुंबल्यामुळे, याच वायूने त्यांचा अंत झाला; पत्नी वाचली. अपघात म्हणून चौकशी मिटली. पुढे १९५३ साली एका फ्रेंच दैनिकात असे प्रसिद्ध झाले की धुराड्यांची कामे करणाऱ्या एका माणसाने, ड्रायफस प्रकरणातील द्वेषापोटी, ते धुराडे मुद्दाम बुजविल्याचे मरण्यापूर्वी सांगितले होते. ते शाबीत झाले नाही. आम्हांला यातील एकच गोष्ट खिळवून ठेवते: बुजलेल्या धुराड्याकडे पाहून ते कोणी बुजविले, द्वेषाने, आळसाने की अजाणता, हे सांगता येत नाही. काजळी तीच आणि वायूही तोच. ते बुजविणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि देवाला.

तर मग आमचे काय? अमेरिकेत आम्ही डबा वाचला नाही. तो आळस, आणि त्याची झळ कोणाला लागली नाही, कारण एक म्हातारा कॉफीला आला. येथे मात्र अज्ञानाचा आधारच नव्हता. लूकच्या शुभवर्तमानातील तो दाखला, ज्यात मालकाची इच्छा ठाऊक नसलेल्या दासाला थोडे फटके बसतात आणि ठाऊक असलेल्याला पुष्कळ, आम्ही कितीदा वेदीवरून वाचला आहे. त्या ओट्यावर एक न जाणणारा बसला होता आणि एक जाणणारा; आणि जाणणारा न जाणणाऱ्याला क्षमेचे दोन शब्द सांगत होता. आमचा प्रकार अक्वायनस यांच्या तिन्हींपैकी कोणताच नव्हता. आम्हांला ठाऊक होते. फक्त ते त्या क्षणी उच्चारण्याएवढे महत्त्वाचे वाटले नाही. मिस्साच्या आरंभी पापकबुली म्हणताना केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्यांचाही उच्चार आपण करतो. तेथे आमचा आवाज आता थोडा खाली येतो.

काही मित्रधर्मगुरूंनी आम्हांस समजाविले की हा अतिरेक आहे. धर्मगुरू हा नळजोडणीचा तपासनीस नव्हे. तो घरोघरी वायरी व नळ्या पाहू लागला तर प्रार्थना कोण करणार? यात तथ्य आहे. सगळेच सर्वांना ठाऊक असले पाहिजे असे कोणतेही शास्त्र म्हणत नाही. आम्हीही तसे म्हणत नाही. आमच्याकडून त्या घराची तपासणी कोणी मागितली नव्हती. पण आम्ही घर आशीर्वादित करावयास गेलो होतो. जे घर देवाच्या हाती सोपवावयाचे, त्याच्या छताखाली आपल्याला दिसलेला धोका न सांगता सोपवावयाचे, याला काय म्हणावे हे त्या मित्रांनी सांगितले नाही.

त्या बापाला सांगावयास आम्हांला पाच महिने लागले. जून महिन्यातील एका संध्याकाळी, पाऊस पडत असता, आम्ही त्याच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो की आशीर्वादाच्या दिवशी आम्ही फळी पाहिली होती, तिचा धोका आम्हांला माहीत होता आणि आम्ही बोललो नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "तेव्हा सांगितलं असतं तर मी काढली असती, फादर. काढली असती ना?" हा प्रश्न आम्हांला होता की स्वतःला, हे कळले नाही. आम्ही म्हणालो, "काढली असती." त्याची बायको आत गेली आणि तीन कप चहा घेऊन आली. त्यानंतर दोन-तीन रविवार तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत असे आणि मिस्सा संपताच निघून जाई. चौथ्या रविवारी थांबला.

आता तो गीझर न्हाणीघरात नाही. मागच्या गॅलरीत, उघड्या हवेत, पत्र्याच्या छपरीखाली बसविला आहे आणि तेथून गरम पाण्याची नळी आत आली आहे. झरोक्याच्या झडपा मोकळ्या आहेत. जिन्यावरून दिसू नये म्हणून बापाने बाहेरच्या अंगाला तिरप्या पट्ट्यांची लाकडी झिलमिल लावली, जिच्यातून हवा जाते, नजर जात नाही. पट्ट्या मुलाने धरल्या, बापाने ठोकल्या. कंपामुळे दोन पट्ट्या थोड्या वाकड्या बसल्या आहेत. या वर्षी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो तेव्हा घरधन्याने न्हाणीघराचे दार आपणहून उघडले आणि बाजूला उभा राहिला. आतल्या भिंतीवर चार खिळ्यांची भोके अजून आहेत. ती बुजवू का, असे रंगाऱ्याने विचारले होते. त्याने नको म्हटले.